बाईंचं शेवटचं पान

"बाईंना चालत नाही."

मावशींचं हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडायचं. मी खळ जरा घट्ट कालवली की म्हणायच्या, "पातळ कर. बाईंना चालत नाही." फाटक्या पानाला सेलोटेप लावू का, असं विचारलं की मान वर न करता, "सेलोटेप? बाईंना अजिबात चालत नाही." आणि असं म्हणताना डाव्या हाताने चष्मा कपाळावर सरकवायच्या. जणू बाई समोरच बसल्या आहेत आणि चष्म्यातून नीट दिसत नाहीत.

पहिले दोन आठवडे मला वाटलं, बाई म्हणजे आमची सुपरव्हायझर. एक उंच, लाल केसांची अमेरिकन बाई, दिवसातून चार वेळा टपटप बूट वाजवत यायची. एके दिवशी तिनेच घाईत एका पानाला सेलोटेप फासली. मी मावशींना हळूच म्हटलं, "अहो, तुमच्या बाईच बघा काय करताहेत."

मावशी इतक्या हसल्या, की हातातला ब्रश खाली पडला. "ही नव्हे रे! ही तर घोड्यासारखी चालते. माझ्या बाईंना चालत नाही म्हणजे खरंच चालत नाही. पायांनी."

मग हसू थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी हसत नव्हतो, कारण मावशी स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या.

ब्याऐंशी साली मी एम.एस. करायला स्टेट कॉलेजला आलो. स्टेट कॉलेज हे पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाचं नाव आहे, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत पटलं नाही. 'कॉलेजचं कळलं, आता गावाचं नाव लिही,' असं ते पत्रात कुणाकडून तरी लिहून घ्यायचे. वडील सूतगिरणीत कामाला होते. त्यांना सही येत होती, लिहिणं येत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. ते मी कधी लपवलं नाही आणि आजही लपवत नाही. शाळेत असल्यापासून गल्लीतल्या सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो. सांगणाऱ्याने सांगावं, 'म्हातारी आजारी आहे.' मी लिहावं, 'आईंच्या प्रकृतीची थोडी कुरबूर चालू आहे.' वाचून दाखवलं की लोक म्हणायचे, "वा! आम्ही एवढं छान बोललो?" ही सवय चांगली की वाईट, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं दुरुस्त करायची एक खोली होती. तिथे मला आठवड्याचे काही तास काम मिळालं आणि पहिल्याच दिवशी, लांबलचक टेबलाच्या टोकाला, स्वेटरवर साडीचा पदर खोचलेल्या साठीच्या मावशी दिसल्या. कुठलं गाव, कुठलं कॉलेज हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "खळ करता येते का? आईने कधी पतंगाला करून दिली असेल ना?" आठ हजार मैल लांब कुणी खळ म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्या सांगलीकडच्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोलिओ झाला. आईवडील गेल्यावर इथे शिकवणाऱ्या भावाने त्यांना बोलावून घेतलं. पुढे भाऊही वारला. त्या राहिल्या. गावात जेवढे मराठी विद्यार्थी होते, त्या सगळ्यांच्या त्या मावशी होत्या. वाढदिवसाला शिरा, आजारपणात मऊ भात. पण कुणी 'मावशी, मी ढकलतो' म्हणून खुर्चीला हात लावला की फटकारायच्या, "गाडी माझी आहे. तुला ड्राइव्ह करायचंय तर स्वतःची घे."

ग्रंथालयाच्या पुढच्या दाराला व्यवस्थित उतार होता. तरी त्या मागून यायच्या, जिथे पुस्तकांच्या ढकलगाड्या चढवतात तिथून. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पुढून आलं की चार-पाच लोक दार धरून उभे राहतात. सकाळी सकाळी इतकी थँक्यू कोण म्हणणार?"

थंडीत त्या तळघरात साडेचारला अंधार पडायचा. छताला लागून वाफेचे पाइप होते. ते तापायला लागले की ठक्, ठक्, मग जरा थांबून पुन्हा ठक्. मावशी हातातलं काम थांबवायच्या. "आल्या बाई. कुबडी वाजतेय." पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदाही हसलो. डिसेंबरात एकदा मावशी घरी गेल्यावर मी एकटाच काम करत होतो, पाइप वाजला, आणि मी पटकन समोरची सेलोटेप ड्रॉवरमध्ये टाकली. आता सांगायला हरकत नाही.

बाई कोण, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शंभर वर्षांपूर्वी याच राज्यातल्या एका लहान गावात राहणाऱ्या, मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एक बाई. लहानपणापासून पायांत बळ नाही. एका कुबडीवर जेमतेम उभ्या राहायच्या, ते मिनिटभर. आज त्यांचं नाव कुणी घेत नाही. मावशीही घ्यायच्या नाहीत. शाळेत जसं आपण नुसतं 'बाई' म्हणतो तसं म्हणायच्या, आणि त्यात तशीच थोडी भीती असायची.

"पण माझं बाईंशी भांडण आहे," त्या एकदा म्हणाल्या. पुस्तक शिवत होत्या. सुई थांबली नाही. "फार जुनं."

मावशी सात वर्षांच्या असताना त्यांना मिशनच्या शाळेत एक पुस्तक बक्षीस मिळालं. कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत केलेलं. लिहिणारीचं नाव नव्हतं. गोष्ट एका पांगळ्या मुलीची. ती आधी हट्टी असते, रडकी असते. मग हळूहळू शहाणी होते, कुणाला त्रास देत नाही, सगळ्यांचं ऐकते. आणि शेवटच्या पानावर एका सकाळी ती उठते, उभी राहते आणि चालत खिडकीपाशी जाते.

"मग मीही शहाणी झाले," मावशी म्हणाल्या. "हट्ट सोडला. कडू औषध मागून प्यायला लागले. आई शेजारणीला सांगायची, पोर किती समजूतदार झालीय बघा. आणि मी रोज सकाळी कपाटाला धरून उभी राहायची. पडायची. मग बसून आठवायची, काल आपण काय वाईट वागलो."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस? चार वर्षं." त्यांनी दोरा दाताने तोडला. "दहा-अकरा वर्षांची झाले तेव्हा कळलं की त्या पोरीला लिहिणारीने उभं केलं होतं. मला लिहिणारं कुणी नव्हतं."

मग चाळीस वर्षांनी, इथे या टेबलावर, पाठ मोडलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक दुरुस्तीला आलं. चाळता चाळता चित्र दिसलं. खिडकी, आणि खिडकीशी उभी मुलगी. "त्याच दिवशी पाठ शिवून टाकली. एक टाका, एक शिवी. टाका, शिवी. पुस्तक मजबूत झालं हो अगदी."

शिव्या देता देता मावशींना वाटलं, ही बाई होती तरी कोण? शोधलं. बाईंचं गाव दोन तासांवर निघालं. तिथल्या जुन्या कागदांच्या खोलीत बाईंच्या पत्रांची एक पेटी होती. भाऊ होता तोवर दर शनिवारी तो मावशींना गाडीने तिथे न्यायचा. पहिल्याच शनिवारी कळलं, की जिने त्या मुलीला चालवलं तिला स्वतःला कधी चालता आलं नव्हतं. "मी तिथेच बसून राहिले," मावशी म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, चहा आणू का? मी म्हटलं, गप्प बस. ही माझ्यासारखीच खोटं ऐकत मोठी झालीय."

त्या पेटीत एका मुलाचं पत्र होतं. कोळशाच्या खाणीकडचा मुलगा, पाठीला मार बसून अंथरुणाला खिळलेला. त्याने बाईंचं पुस्तक वाचलं होतं. एकच गोष्ट विचारली होती: ती मुलगी कोणत्या वारी उभी राहिली? म्हणजे त्या वारी त्याला तयार राहता येईल.

बाईंच्या उत्तराची नक्कल पेटीत नव्हती. बाकीच्या सगळ्या पत्रांच्या होत्या. मावशी म्हणायच्या, "दिलंच नसणार. काय देणार?" पण त्यानंतर बाईंनी एकाही गोष्टीत एकाही मुलाला बरं केलं नाही. घराची दारं रुंद केली आणि गावातली अधू मुलं घरी आणून शिकवायला लागल्या. गावच्या शाळेच्या पायऱ्या काढाव्यात म्हणून गावकऱ्यांशी नऊ वर्षं भांडल्या. लोक मुलांना दया म्हणून जुने कपडे आणून द्यायचे, त्यांना दारातूनच सांगायच्या, कपडे नकोत, फळी आणा, उतार करायचाय. नव्या गोष्टींत पांगळी मुलं चोऱ्या करायची, भांडायची, जिंकायची, आणि शेवटच्या पानावर खुर्चीतच असायची. प्रकाशक गोष्टी परत पाठवायचे. शेवट गोड नाही म्हणून.

"तो पोरगा बाईंना मरेपर्यंत दिसत राहिला," मावशी एकदा म्हणाल्या. खूप वेळाने, पुढचं पुस्तक हातात घेतल्यावर म्हणाल्या, "आणि बाई मला दिसतात. आता कोण कुणाला सोडतंय."

मावशींना बाईंचं चरित्र लिहायचं होतं. मराठीत, मुलांसाठी, ऐंशी पानांचं. त्यांच्या मनात एक हिशेब पक्का होता: ते खोटं पुस्तक मराठीतून आलं, तर त्याचं उत्तरही मराठीतच गेलं पाहिजे. पण हात दुखायला लागले होते. पायांचं काम पन्नास वर्षं हातांनी केलं, आता हातही दमले होते. सुई कशीबशी चालायची, पेन धरवत नव्हतं. डॉक्टरने सांगितलं होतं, हे आणखी वाढणार. म्हणून लिहायला मी.

दर रविवारी दुपारी मी त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी जायचो. माझा नागपूरचा रूममेट म्हणायचा, "यार, तू थीसिस सोडून कुणाचं आत्मचरित्र लिहून राहिला? आणि ती बाई मेलेली आहे ना?" मी म्हणायचो, आहे, पण चहाला असते. ते खोटं नव्हतं. मावशी टेबलाची एक बाजू मोकळी ठेवायच्या. तिथे मी एकदा वही ठेवली तर म्हणाल्या, "जरा इकडे घे." का, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या सांगायच्या, मी लिहायचो. मी लिहिलं, 'बिचाऱ्या बाई'. "बिचाऱ्या काढ." मी लिहिलं, 'दैवाने त्यांच्यावर घाला घातला'. "दैव कुठून आलं? मी म्हटलं का दैव? ताप आला म्हटलं. ताप लिही." मी जरा नाराज व्हायचो. मराठीत मला नेहमी पहिला नंबर असायचा. मी म्हटलं, "मावशी, थोडं नटवलं तर मुलांना आवडतं."

"मला नटवलेलं चार वर्षं आवडलं होतं," त्या म्हणाल्या.

शेवटचं पान त्यांनी सगळ्यात आधी सांगून ठेवलं होतं. शेवटचं वाक्य असं: 'बाई शेवटपर्यंत चालल्या नाहीत.' बस्स. "बाकी एखादा शब्द इकडेतिकडे झाला तर बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "पण हे पान नीट जायला हवं. या पानासाठी सगळं पुस्तक आहे."

माझ्या शाळेतल्या मराठीच्या सरांच्या ओळखीने कोल्हापूरकडचे एक छोटे प्रकाशक तयार झाले. वही तिकडे पाठवायची कशी, तर तुम्हाला त्या काळची पद्धत माहीत असेल. पोस्टावर कुणाचा भरवसा नसायचा. कुणीतरी इंडियाला जातंय असं कळलं की सगळे आपापली पाकिटं, औषधं, गजराची घड्याळं घेऊन त्यांच्या दारात. एका ओळखीच्या जोडप्याचं तिकीट अचानक दोन दिवस अलीकडे आलं. त्यांचा फोन आला, "आज संध्याकाळपर्यंत वही दिलीत तर नेतो." मावशी त्या दिवशी दवाखान्यात होत्या. माझी सुवाच्य प्रत पूर्ण झाली होती, शेवटचं पान सोडून.

मी शेवटचं पान लिहायला बसलो. 'बाई शेवटपर्यंत चालल्या नाहीत.' वाचून बघितलं. कसंतरीच वाटलं. दार आपटून कुणी निघून गेल्यासारखं. सरांनी आम्हाला शिकवलं होतं, निबंधाचा शेवट नकाराने करू नये. बाईंनी एवढं केलं, घरात शाळा भरवली, गावाला वाकवलं, आणि शेवटी काय, तर 'नाहीत'? मावशींना नेमकं काय म्हणायचंय ते मला कळतं, फक्त त्यांना सांगता येत नाही, असं मला वाटलं. गल्लीतल्या प्रत्येकाबद्दल मला असंच वाटायचं. मी ते वाक्य गाळलं आणि माझ्या सर्वात चांगल्या अक्षरात लिहिलं: 'अखेर बाई स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.'

शपथेवर सांगतो, हे लिहिताना मला पाय दिसलेच नाहीत. आपण काय, येताजाता म्हणतो. पोरगा नोकरीला लागला, स्वतःच्या पायांवर उभा राहिला. वडील माझ्याबद्दल दहा माणसांत हेच म्हणायचे. मला ते मराठीतलं सर्वात अभिमानाचं वाक्य वाटायचं.

मावशींनी विचारलं, "शेवटचं पान नीट गेलं?" मी म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास."

आठ महिन्यांनी पार्सल आलं. पंचवीस प्रती, दोऱ्याने करकचून बांधलेल्या. मीच ते तळघरात घेऊन गेलो. मावशींनी आधी पुस्तकाला हात लावला नाही. हात धुऊन आल्या. मग एक प्रत उचलली, नाकाशी नेली, पाठ वाकवून शिलाई पाहिली. "पानांचे फर्मे बरे शिवलेत." आणि थेट शेवटचं पान उघडलं.

चित्रकाराने वाक्य वाचून चित्र काढलं होतं. त्याचा काय दोष? हिरवळ होती. बाई दोन्ही पायांवर ताठ उभ्या होत्या, दोन्ही हात वर. मागे चाकाची खुर्ची उलटी पडलेली. मुलं टाळ्या वाजवत होती.

मावशींनी खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा कपाळावर सरकवला नाही, काही नाही.

"कुणाच्या पायांवर?" त्यांनी विचारलं.

मी बोलायला लागलो. म्हणजे स्वावलंबी, मावशी, मला तसं म्हणायचं होतं, मराठीत तसं म्हणतात...

"मला मराठी येतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर तीन आठवडे त्या माझ्याशी फक्त कामाचं बोलल्या. खळ पातळ कर. दाबाखाली ठेव. पाइप वाजायचे, त्या मान वर करायच्या नाहीत. तळघरातल्या टेबलाचीही एक बाजू त्या बाईंसाठी मोकळी ठेवायच्या, आता तिच्याकडे पाठ करून बसायच्या. एकदा मला पुसटसं ऐकू आलं, त्या खालच्या आवाजात त्या बाजूला सांगत होत्या, "मीच वाचून बघायला हवं होतं हो." माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग प्रकाशकांचं पाकीट आलं. आनंदाने लिहिलं होतं: पुस्तकाच्या प्रती शाळांमध्ये छान गेल्या, सोबत पहिलं वाचकपत्र. वहीचा रेघी कागद, पेन्सिलीचं अक्षर, खाली एका मुलीचं नाव. मावशींनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं.

'मी चौथीत आहे. मला पण पोलिओ आहे. तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलं. बाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं वय किती होतं ते पुस्तकात दिलेलं नाही. कृपया कळवावे. म्हणजे मला किती राहिलं ते काढता येईल.'

मी वाचणं संपवलं. शंभर वर्षांपूर्वी बाईंच्या टेबलावर एक पत्र आलं होतं, तसंच आता माझ्या हातात होतं, आणि ते माझ्या वाक्याने आणलं होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"कागद घे," मावशी म्हणाल्या. "बाईंनी उत्तर दिलं नाही. आपण देणार आहोत. आणि या वेळी मी सांगेन तेच."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. बाई कुबडीशिवाय उभ्या राहिल्या नाहीत. कुठल्याच वयात नाही. पुस्तकातलं वाक्य चुकीचं आहे, चित्रही चुकीचं आहे. मीही चालत नाही. तुला कुबड्या मिळाल्या तर घे, लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला तर घे, डॉक्टर सांगतील ते कर. पण एखाद्या सकाळी आपोआप काही होईल म्हणून वाट बघू नकोस. चांगलं वागण्याचा आणि पायांचा काही संबंध नाही.

इथे त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पुढे लिही. वाईट वागलीस तरी चालेल."

मी लिहिलं आणि पेन थबकलं. त्यांच्याही लक्षात आलं. तोंड वाकडं झालं, मग खांदे हलायला लागले, आणि मावशी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसल्या. "असू दे, असू दे. खोडू नकोस. एवढं चालू दे." डोळे पुसून म्हणाल्या, "आता वाचून दाखव. हळू." मी दोनदा वाचून दाखवलं. एक वेलांटी बदलली नव्हती.

मग त्यांनी पंचवीसच्या पंचवीस प्रती काढल्या. पातळ पात्याने शेवटचं पान मुळाशी कापायचं, काठावर बोटभर रुंदीचा पट्टा ठेवायचा, त्याला नवीन पान चिकटवायचं. नव्या पानावर चित्र नव्हतं. एक वाक्य, पाच शब्दांचं... नव्हे, चारच. टाइपरायटरला मराठी नव्हतं म्हणून मी हाताने पंचवीस वेळा लिहिलं. 'बाई शेवटपर्यंत चालल्या नाहीत.' शाळेत चुकलेला शब्द लिहायला लावतात तसं. मावशींच्या बोटांना आता पातं धरवत नव्हतं, तरी कापायचं काम त्यांनी मला दिलं नाही. दिवसाला एक प्रत व्हायची. कधी तीही नाही.

प्रकाशकांना मी पत्र लिहिलं, माझी चूक आहे असं स्पष्ट लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं: दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. दुसरी आवृत्ती निघाली नाही. पहिल्या आवृत्तीच्या प्रती कुठल्या कुठल्या शाळांत गेल्या, त्याची यादी त्यांच्याकडे नव्हती. त्या अजून असतील. शाळेतल्या कपाटात पुस्तकं कोण फेकतं? एखाद्या ऑफ पीरियडला कुणी काढतं, वाचतं, परत ठेवतं. मला अजून कधी कधी ते कपाट दिसतं. आत बाई हात वर करून उभ्या असतात.

मावशी फेब्रुवारीत वारल्या. न्यूमोनिया झाला, चार दिवस. आम्ही आठ-दहा मराठी पोरं आणि आमची सुपरव्हायझर, एवढेच होतो. ती मोठ्याने रडली. मला रडू नाही आलं. तळघरात त्यांच्या टेबलावर एकोणीस प्रती नीट केलेल्या होत्या, सहा तशाच. त्या सहा मी केल्या. पहिल्या दोन वाकड्या झाल्या.

मार्चमध्ये सुपरव्हायझर हातात एक एअरोग्राम, निळं घडीचं हवाई पत्र, घेऊन आली. "हे तुमच्या देशातलं दिसतंय. आता कुणाला द्यायचं?" वर मावशींचं नाव, पेन्सिलीने.

मी उघडलं. 'तुमचं पत्र मिळालं. मी खूप रडले. आईने विचारलं तर पोटात दुखतं म्हणून सांगितलं. काल मी भावाला मारलं. बरं वाटलं. आता एक विचारायचं आहे. तुम्हाला चालता येत नाही, तर तुम्ही दिवसभर करता काय?'

मी कागद घेतला. पहिल्या पत्राचं अक्षर माझंच होतं. मावशींच्या नावाने अजून दहा वर्षं लिहीत राहिलो असतो तरी त्या मुलीला कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं.

मग लिहिलं: 'मावशी गेल्या.' आणि थांबलो. ही पोरगी विचारणार, कुठे गेल्या? आणि कशा? ते वाक्य मी पूर्ण खोडलं आणि खाली लिहिलं:

'मावशी वारल्या. त्या मेल्या, आता पत्र लिहिणार नाहीत. मी त्यांच्याबरोबर काम करायचो. पुस्तकातलं ते चुकीचं वाक्य मी लिहिलं होतं. मावशी दिवसभर काय करायच्या, असं तू विचारलंस. सकाळपासून सांगतो.'